हातात किती पडणार?

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये नव्याने लागणारा माणूस ठेकेदाराशी बोलणी करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो : ‘हातमा कितला?’ कटिंग धरून बारा हजार की कटिंग जाऊन बारा हजार, हे आधी ठरते. पाळी कोणती, सुट्टी कधी, हे नंतर. धुळ्याच्या अवधान वसाहतीत आणि यंत्रमागांच्या शेडमध्येही सौदा असाच होतो. भविष्य निर्वाह निधी (पीएफ), कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), व्यवसाय कर या कपातींचा विचार दिल्ली-मुंबईत टक्क्यांनी होतो, आणि इथे तो हातात पडणाऱ्या नोटांनी होतो. माझ्या मते इथला हिशेब अधिक खरा आहे. पगारावरची कपात वाढवली की कामगाराच्या कमाईचे आणि त्याच्या कामाचे काय होते, याचे उत्तर टक्क्यात सापडत नाही. कापलेला पैसा आपल्याला परत मिळेल असे त्याला वाटते की नाही, यात ते सापडते. खानदेशातल्या बहुसंख्य छोट्या कारखान्यांत त्याला तसे वाटत नाही. म्हणूनच इथे बचत ही बचत न राहता कर होऊन बसली आहे.

आकडे समोर ठेवू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये पगार असलेला पुरुष कामगार घ्या. त्याच्या पगारातून १२ टक्के पीएफ जातो, म्हणजे १,४४० रुपये. ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये. महिन्याचा व्यवसाय कर २०० रुपये. हातात पडतात १०,२७० रुपये. मालकाच्या बाजूला १२ टक्के पीएफ, वर विमा आणि प्रशासन खर्चाचा मिळून एक टक्का, असे १,५६० रुपये, आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ३९० रुपये. मालकाला तो माणूस पडतो १३,९५० रुपयांना. मालकाच्या गल्ल्यातून निघालेले पैसे आणि कामगाराच्या घरी पोहोचलेले पैसे यांत ३,६८० रुपयांचे अंतर आहे, म्हणजे एकूण खर्चाच्या सव्वीस टक्क्यांहून अधिक. इतक्या कमी कमाईच्या माणसाला आयकर लागत नाही, म्हणून तो कर भरत नाही असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही.

या अंतराचा भार कोण उचलतो? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९५२ च्या पीएफ कायद्याच्या कलम १२ नुसार आपल्याला वर्गणी भरावी लागते एवढ्या कारणावरून मालकाला कामगाराचे वेतन कमी करता येत नाही, आणि मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करण्याला योजनेतच मनाई आहे. पण कायदा आजचा पगार धरून ठेवतो. उद्या लागणाऱ्या माणसाचा पगार किती ठरेल आणि यंदाची वाढ किती मिळेल, ते कायदा ठरवत नाही. दरवाढ तिथेच जिरते. ठेकेदारीत तर याहून उघड प्रकार चालतो. ‘तुझा माझा दोन्हीचा पीएफ यातूनच’ असे सांगून चोवीस टक्के कामगाराच्याच ठरलेल्या रकमेतून वळते केले जातात. हे बेकायदा आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि काम कोणाला हवे आहे हेही.

मालकाचा हिस्सा अखेर कोणाचा, याची कबुली सरकारनेच एकदा देऊन टाकली आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत मे, जून आणि जुलै २०२० या तीन महिन्यांसाठी पीएफचा दर १२ वरून १० टक्के केला गेला. तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाने समजावून सांगितले होते की ज्याचा पगार ‘कंपनीला पडणारा एकूण खर्च’ धरून ठरला आहे, अशा १०,००० रुपयांच्या कर्मचाऱ्याच्या पगारातून २०० रुपये कमी कापले जातील, आणि मालकाच्या हिश्शात वाचलेले २०० रुपयेही त्यालाच मिळतील. मालकाचा हिस्सा घटला की तो कामगाराला मिळायला हवा, याचा अर्थ तो आधीपासून त्याचाच होता. मग तो वाढतो तेव्हाही त्याच्याच खिशातून जातो, हे मान्य करायला संकोच कशाला?

जळगावच्या डाळ मिलची स्थिती पाहिली तर हे असेच होणार हे कळते. इथली तूरडाळ इंदूर, अकोला, लातूरच्या डाळीशी देशभरच्या बाजारात टक्कर देते. किलोमागे भाव वाढवून मालकाला कपातीचा बोजा गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही. धुळ्याच्या मागावरच्या कापडाला मालेगाव-भिवंडीचा भाव बांधून ठेवतो. यंत्राचा हप्ता ठरलेला, विजेचे बिल ठरलेले. मोकळी जागा उरते ती दोनच ठिकाणी : मजुरी, किंवा शेतकऱ्याला दिला जाणारा भाव. एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले, ते याच कारणाने. हमाली, तोलाई आणि माथाडींची लेव्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की व्यापाऱ्याने भरायची, हा तो वाद होता. लेव्ही नावाने व्यापाऱ्यावर बसवलेली, पण तिचा भार कोणाच्या पाठीवर पडतो यावरून कांद्याच्या गाड्या दारात अडून राहिल्या. ज्याला हलता येत नाही त्याच्यावर कर येऊन बसतो. खानदेशात न हलणारी माणसे दोन, शेतकरी आणि मजूर, आणि पुष्कळदा ती एकाच घरातली असतात.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो, मात्र एक महत्त्वाची अट घालून. चिलीने १९८१ मध्ये निवृत्तिवेतनाची व्यवस्था बदलली आणि मालकांवरचा पगारी कर काही वर्षांत सुमारे २५ टक्के-अंकांनी उतरला. जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञाने तिथल्या कारखान्यांची आकडेवारी तपासली. वाचलेला पैसा जवळजवळ पूर्णपणे मजुरीत गेला होता आणि रोजगार मात्र वाढला नव्हता. याचा सरळ अर्थ असा की आधीचा कर कामगारच भरत होता. स्वीडनने २००७ पासून तरुण कामगारांसाठी मालकाचा दर सुमारे ३१ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आणला, तिथे उलटे घडले. तरुणांचा पगार वाढला नाही, पण त्यांना नोकऱ्या जास्त मिळाल्या. हा फरक का पडावा? फ्रान्समधल्या दरवाढींचा अभ्यास करणाऱ्या बोझियो, ब्रेदा आणि ग्रेने यांनी यावर मला पटणारे उत्तर दिले आहे. जी वर्गणी कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला थेट जोडलेली असते, तिचा भार कामगार कमी पगाराच्या रूपाने स्वीकारतो, कारण तो तिला आपलेच पैसे समजतो. जी सरकारी तिजोरीत मिसळून जाते, तिचा भार मालकावरच राहतो. जोड दिसली तर कामगार तिला पगाराचाच भाग धरतो, आणि ती दिसेनाशी झाली की वर्गणीचा कर होतो.

आता ही जोड खानदेशात शोधून पाहा.

मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. १२,००० रुपयांवर हा हिस्सा महिन्याला जवळपास १,००० रुपये होतो. पेन्शनचे सूत्र असे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. १२,००० पगारावर दहा वर्षे भरली तर म्हातारपणी महिन्याला १,७१४ रुपये. सध्याच्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षे सलग काढली तरी ७,५००. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. आज पगारातून दरमहा हजार जातात आणि साठीच्या आसपास दरमहा हजार मिळण्याची हमी आहे. शेजारच्या बुलढाण्यात पेन्शनरांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले ते यासाठीच, आणि त्यांची मागणी किमान साडेसात हजारांची आहे. तिथे बसलेले हे म्हातारे लोक कोणाकडे दया मागत नव्हते. आपल्याच वर्गणीचा हिशेब ते मागत होते.

दहा वर्षे भरली नाहीत तर मासिक पेन्शनही नाही. एकरकमी थोडे पैसे घेऊन मोकळे व्हायचे. चटईच्या कारखान्यात दहा वर्षे एका जागी किती जण टिकतात? ठेकेदार बदलतो, कारखाना सहा महिने थांबतो, पावसाळ्यात माणूस गावी पेरणीला जातो, कपाशी वेचायला घरी राहतो. २०१४ पासून आलेल्या यूएएन क्रमांकाने खाते एका मालकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, ही चांगली सुधारणा आहे. पण आधारवर नाव एक, कारखान्याच्या रजिस्टरला दुसरे, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर तिसरीच, अशी गाठ पडली की खाते जोडले जात नाही. जुन्या मालकाच्या सहीसाठी माणूस फेऱ्या मारतो आणि शेवटी नवा ठेकेदार नवा क्रमांक काढून देतो. जुना पैसा तिथेच पडून राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबारचा कारभार पीएफच्या नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. यावलच्या पुढच्या पाड्यावरून आलेल्या माणसाने एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे घालून नाशिक गाठायचे आणि ‘केवायसी अपूर्ण’ असे ऐकून परतायचे. त्याच्या लेखी ते पैसे गेलेले असतात. मोबाइलवर पासबुक दिसते खरे, पण इंग्रजीत, आणि पेन्शनच्या रकान्यात व्याज लागताना दिसत नाही.

ईएसआयचे दुखणे याहून साधे आहे. १०० रुपयांमागे कामगार आणि मालक मिळून चार रुपये भरतात. त्याबदल्यात आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा आणि दवाखाना मिळायचा असतो. योजना उत्तम आहे, आपल्या देशातल्या सर्वांत शहाण्या कायद्यांपैकी १९४८ चा हा एक कायदा आहे. पण या बाजूचे तिचे जुने मोठे रुग्णालय नाशिकच्या सातपूरला. जळगावहून ते सुमारे अडीचशे किलोमीटर. करार केलेली खासगी रुग्णालये असतात, मात्र कोणते कधी यादीत आहे हे कामगाराला सहसा माहीत नसते. मुलाला ताप आला तर तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो आणि खिशातून पैसे देतो. पगारातले नव्वद रुपये मग त्याला दंडासारखे वाटू लागतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण वरचे सगळे वाचून कोणी म्हणेल की कपातच बंद करा, कामगाराला पूर्ण पगार हातात द्या, तो काय ते बघेल. मला हे मान्य नाही. बारा हजारांत पाच माणसांचे घर चालवणाऱ्या माणसाच्या हातात महिनाअखेर काही उरत नाही. जे आधी बाजूला काढले जाते तेवढेच टिकते. मुलीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला, मोठ्या आजारपणाला पीएफमधून उचल मिळते, तेव्हा सावकाराचे तीन-चार टक्के महिना व्याज वाचते. आणि कपात ‘ऐच्छिक’ केली, तर ती इच्छा कामगाराची राहत नाही. गेटवरच मालक त्याच्याकडून ‘मला पीएफ नको’ असे लिहून घेईल.

आपल्या आधीच्या पिढीला या कपातीबद्दल एवढा संशय नव्हता, याचेही कारण आहे. १९५२ चा कायदा सुरुवातीला ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड उद्योग होता. खानदेशात जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे कापड गिरण्या होत्या. वर्गणीचा दर होता सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयाला एक आणा. गिरणी एक, मालक एक, नोकरी तीस वर्षांची, युनियनचे कार्यालय गेटासमोर. कापलेला आणा कुठे गेला ते विचारायला माणूस होता. दर पुढे आठ, दहा आणि १९९७ मध्ये बारा टक्क्यांवर गेला. पण तोवर इथले गिरणीयुग मावळत आले होते आणि त्या जागी आले विखुरलेले छोटे कारखाने, ठेकेदार आणि हंगामी काम. कायद्याच्या मनात अजून गिरणीतला कायम कामगारच आहे, तर गेटवर आता ठेकेदाराचा माणूस उभा असतो.

अशा स्थितीत कपात वाढली तर कामगार काम कमी करतो का? पाठ्यपुस्तकातले सोपे उत्तर असे की मोबदला घटला तर श्रमाचा पुरवठा घटतो. खानदेशातल्या गरीब घरात हे उत्तर टिकत नाही. हातातले दोनशे रुपये कमी झाले म्हणून कोणी एक दिवस घरी बसत नाही. तो डबल ड्युटी मागतो, रविवारी येतो. घरातली बाई निंदणीला जायचे दिवस वाढवते, कॉलेजातला मुलगा संध्याकाळी दुकानात उभा राहतो. कमाईचा खड्डा घरातली इतर माणसे भरून काढतात. सरकारी आकडेवारीत कामावर असलेल्या माणसांची संख्या वाढलेली दिसेल, आणि ती वाढ सुबत्तेची नसेल.

बदलते ते कामाचे ठिकाण. माणूस कटिंगच्या कामातून बिनकटिंगच्या कामाकडे सरकतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात घड कापणी आणि गाडीभरणीच्या टोळ्यांना रोजचा रोख हिशेब मिळतो. जिनिंगच्या हंगामात तसेच. धुळे-नंदुरबारचा तरुण ताप्ती लाइनची गाडी पकडून सुरत गाठतो, जिथे उधना-लिंबायतच्या खानदेशी वस्त्यांत मामा-काका आधीच राहतात, आणि मागावर मीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिथे म्हातारपणाची सोय नाही, अपघाताची भरपाई नाही, पण हातात जास्त पडतात. पंचविशीतला माणूस पस्तीस वर्षांनंतरच्या अनिश्चित दोन हजारांपेक्षा आजचे चौदाशे निवडतो. त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. समोर असलेल्या पुराव्यावरून त्याने काढलेला हा निष्कर्ष आहे.

मालकाच्या बाजूनेही हेच सरकणे चालते. पीएफ वीस कामगारांवर लागू होतो, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसे घटली तरी सुटत नाही. विसावा माणूस घेणे म्हणजे आधीच्या एकोणीस जणांचीही वर्गणी अंगावर घेणे. मग ऑर्डर वाढली तरी हजेरीवर एकोणीसच माणसे राहतात. दुसरे युनिट भावाच्या नावाने निघते. आहे त्या माणसांकडून जास्त तास काम घेतले जाते, कारण ओव्हरटाइमच्या पैशावर पीएफ लागत नाही. कोलंबियात १९९३ च्या सुधारणेनंतर पगारी कर बरेच वाढले, त्याचा अभ्यास अड्रियाना आणि मॉरिस कुगलर यांनी केला. पगारी कर दहा टक्क्यांनी वाढला की नोंदणीकृत कारखान्यांतली मजुरी १.४ ते २.३ टक्के उतरली आणि रोजगार ४ ते ५ टक्के घटला. तिथे किमान वेतनाच्या खाली मजुरी जाऊ शकत नव्हती, म्हणून माणसेच बाहेर पडली. आपली परिस्थिती चिली-फ्रान्सपेक्षा कोलंबियाच्या अधिक जवळची आहे. किमान वेतनाच्या काठावरच्या कामगाराचा पगार कागदावर आणखी खाली नेता येत नाही. मग त्याचे नावच कागदावरून जाते.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २०१६ च्या रोजगार प्रोत्साहन योजनेत नव्या कामगारासाठीचा मालकाचा पेन्शन हिस्सा केंद्राने भरला, २०१८ पासून पूर्ण बारा टक्के. आता १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या ९९,४४६ कोटींच्या योजनेत पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला पंधरा हजारांपर्यंत एक महिन्याचे वेतन आणि मालकाला माणशी महिन्याला तीन हजारांपर्यंत रक्कम मिळते. हेतू चांगला आहे. पण मुदतीची योजना मुदतीपुरतीच माणसे कागदावर आणते. वर्षानुवर्षे राबणाऱ्या जुन्या कामगाराला तिच्यातून काही मिळत नाही.

आणि मोठा बदल दारात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. वेतनाची नवी व्याख्या अशी की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. एकूण २८,००० मिळणाऱ्या आणि मूळ वेतन १२,००० दाखवलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन आता १४,००० धरले जाईल, पीएफ १,४४० वरून १,६८० होईल. भत्त्यांच्या आड वर्गणी चुकवणाऱ्यांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रोखले होते. ही दिशा न्याय्य आहे. शिवाय १ सप्टेंबर २०१४ पासून जागची न हललेली १५,००० ची मर्यादा वाढवण्याची मागणी आहे. ती २५,००० झाली तर त्या पगाराच्या माणसाची कपात १,८०० वरून ३,००० होईल. मर्यादा वाढायला हवी असे मलाही वाटते. पण जोड दुरुस्त न करता दर आणि मर्यादा वाढवल्या, तर जळगाव-धुळ्यात आणखी नावे हजेरीपटावरून पुसली जातील.

जोड दुरुस्त कशी करायची याचे दोन नमुने महाराष्ट्रानेच देशाला दिले आहेत. पहिला माथाडींचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या कायद्याने हमालाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही दोन्ही मंडळाकडे जमा करायची सोय केली. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा निघते. यातली मोठी गोष्ट अशी की हमाल व्यापाऱ्याकडे नोंदलेला नसतो, मंडळाकडे नोंदलेला असतो. व्यापारी बदलला, पेढी बंद पडली, तरी त्याचे खाते आणि त्याची वर्षे तुटत नाहीत. या मंडळांच्या कारभारात त्रुटी आहेत, लेव्हीवरून भांडणे आहेत. तरी फिरत्या कामगाराला त्याच्या कपातीशी बांधून ठेवणारी ही रचना पन्नास वर्षांहून अधिक काळ उभी आहे. चटई आणि डाळ मिलच्या ठेकेदारी कामगारांसाठी असे जिल्हा मंडळ का नसावे?

दुसरा नमुना व्यवसाय कराचा. पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणून कापले जाणारे दोनशे रुपये कशासाठी, हे आज बहुतेक नोकरदारांना माहीत नसते. १९७५ मध्ये हा कर महाराष्ट्राने बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती तासगाव भागात प्रयोग म्हणून सुरू झाली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून साक्री-शिंदखेड्याच्या मजुराला नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याचे काम मिळायचे, बाई-पुरुषाला सारख्या दराने. रोहयोचा दर जाहीर झाला की गावातल्या मजुरीला खालून आधार मिळत असे. पुढे २००६ मध्ये देशाच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्याच टप्प्यात धुळे जिल्हा आला. पगारावरचा कर मजुराची कमाई वाढवू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मर्यादाही इथेच दिसली. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर नेल्यावर मागेल त्याला काम मिळेनासे झाले, हे रॅव्हेलियन, दत्त आणि चौधरी यांनी दाखवून दिले. पैशाची सोय न वाढवता हमी वाढवली, की हमीचा शब्द तुटतो.

आज मात्र हाच कर उलटा झाला आहे. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि ती १९८८ पासून तशीच आहे. महिना बारा हजारांचा कामगार वर्षाच्या कमाईच्या पावणेदोन टक्के भरतो, महिना दोन लाखांचा अधिकारी एक दशांश टक्का. रक्कम दोघांची तीच, २,५००. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० रुपयांच्या पगारापर्यंत हा कर माफ झाला, हे फार चांगले झाले. त्याच मशिनवर दुसऱ्या पाळीत उभ्या असलेल्या पुरुषाला मात्र साडेसात हजारांपासून तो लागतो.

म्हणून माझी मागणी कपात कमी करण्याची नाही, क्रम बदलण्याची आहे. आधी दहा वर्षांची अट काढून जितकी वर्षे भरली त्या प्रमाणात पेन्शन द्या. पंधरा हजारांखालच्या कामगाराच्या वर्गणीतला काही भाग सरकारने कायमचा भरावा, दोन वर्षांच्या योजनेपुरता नाही. जळगाव-धुळ्यात पीएफच्या तक्रारी जागेवर निकाली काढणारा अधिकारी आठवड्यातून ठरल्या दिवशी औद्योगिक वसाहतीत बसवा. ईएसआयचे रुग्णालय खानदेशात उभे करा. मर्यादा आणि दर त्यानंतर वाढवा. कामगार विरोध करणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टी दिल्लीच्या हातात आहेत. एक मात्र मुंबईच्या हातात आहे आणि तिला घटनादुरुस्तीही लागत नाही. व्यवसाय कराची माफी पुरुष कामगारांनाही २५,००० पर्यंत देण्याचा निर्णय राज्य विधिमंडळ येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात घेऊ शकते. खानदेशातल्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, हा प्रश्न तिथे मांडावा. आणि ज्यांच्या कारखान्यात, दुकानात, शाळेत किंवा पतसंस्थेत माणसे कामाला आहेत, त्या वाचकांनी या महिन्यात प्रत्येकाला त्याच्या पीएफ खात्यात आजवर किती जमा आहे, ते मराठीत छापून हातात द्यावे.